निवडक बदलांची नोंद : पाठनिवडीच्या दृष्टीने एक परीक्षण

नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले म्हणजे कोपरगाव लागते, आणि त्याच्याही बरेच खाली पैठण. ग्रंथसंपादनाच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या पाठनिवडींचा या दोन गावांशी संबंध आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीस राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली; तिच्या आरंभी त्याने सांगितले आहे की, आपण निरनिराळ्या प्रदेशांतील पुष्कळ पोथ्या मिळवून त्यांतून श्रेष्ठ पाठ निश्चित केला. दोघांपुढील प्रश्न एकाच जातीचा होता. अनेक भेद समोर आहेत. त्यांतील कोणते घ्यावयाचे, कोणते सोडावयाचे, आणि घेतलेल्यांचे मिळून जे उभे राहते ते नेमके काय असते?

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे हाच प्रश्न आज दिवसातून कित्येकदा येतो, आणि तो त्याला प्रश्न वाटतही नाही. आज्ञावलीत केलेल्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या ज्या प्रणाली आहेत, त्यांपैकी ‘गिट’ ही सध्या सर्वाधिक वापरात आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती २००५ च्या एप्रिलमध्ये लिहावयास घेतली. त्याच वर्षापासून तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. केलेल्या बदलांपैकी काही निवडून तेवढ्यांचीच नोंद करण्याची सोय गिटमध्ये आहे. या सोयीची एक साधन म्हणून माहिती सांगणारे लेखन विपुल आहे. परंतु ती एक पाठनिवड आहे, आणि पाठनिवडीला जे प्रश्न विचारले जातात ते तिलाही विचारले पाहिजेत, या दृष्टीने तिचे परीक्षण करणे हा येथील हेतू आहे.

प्रथम या सोयीची रचना पाहणे आवश्यक आहे. गिटमध्ये एकाच ग्रंथाच्या तीन अवस्था एका वेळी नांदत असतात. पहिली कामाची प्रत. हिच्यात लेखक प्रत्यक्ष खाडाखोड करतो, आणि चालवून पाहतो तीही हीच. तिसरी म्हणजे आजवर पक्क्या झालेल्या नोंदी. नोंद करण्याच्या क्रियेला सर्वत्र ‘कमिट’ असेच म्हणतात. या दोहोंच्या मध्ये ‘इंडेक्स’ नावाची एक जागा आहे. पुढील नोंदीत जे जावयाचे ते आधी येथे मांडून ठेवावे लागते, आणि या मांडणीला ‘स्टेज करणे’ असा शब्द रूढ झाला आहे. एखादी फाईल स्टेज केल्यानंतर लेखकाने तिच्यात आणखी बदल केला, तर तो नवा बदल इंडेक्समध्ये आपोआप जात नाही. परिणामी एकाच फाईलची तीन भिन्न रूपे एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात. नवशिक्यांचा पहिला गोंधळ येथेच होतो.

ही मधली जागा निवडीसाठी म्हणून जन्मली नव्हती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आरंभीच्या काळात तिचे नावच ‘कॅश’ असे होते. फायलींची अवस्था लवकर ताडून पाहता यावी हा तिचा मुख्य उपयोग. २००६ च्या अखेरीस हमानो यांनी ‘ॲड’ या आज्ञेला संवादात्मक रूप दिले, आणि तेव्हापासून त्या जागेला संपादकाच्या मेजाचे स्वरूप आले. ‘पॅच’ हा पर्याय देऊन ही आज्ञा चालविली की, गिट कामाच्या प्रतीतील बदल एकेका तुकड्याने दाखविते आणि प्रत्येक तुकड्याबाबत विचारते की हा घ्यावयाचा काय. ‘वाय’ म्हटले की घेतला, ‘एन’ म्हटले की सोडला. ‘एस’ म्हटले की तुकड्याचे आणखी लहान तुकडे पडतात. मात्र दोन बदलांच्या मध्ये न बदललेली एखादी ओळ असेल तरच. आणि ‘ई’ म्हटले की तो तुकडा संपादकापुढे उघडा होतो व त्याला हाताने वाटेल तसा घडविता येतो. ही शेवटची सोय २००८ मध्ये आली. तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहावे लागेल, कारण निवड आणि नवरचना यांच्यामधील सीमा तेथे ओलांडली जाते.

एक उदाहरण घेतल्याशिवाय यातील धोका ध्यानात येणार नाही. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात परीक्षेचे निकाल तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम वापरात आहे अशी कल्पना करावी. टक्केवारीचे पूर्णांकन चुकते, म्हणून तेथील विद्यार्थिनी ते दुरुस्त करावयास बसते. काम करता करता तिला दिसते की, गुणांची बेरीज करणाऱ्या भागाचे नाव फसवे आहे. ती ते नाव बदलते. हा भाग एका फाईलमध्ये सांगितलेला आहे, आणि त्याला हाक मात्र दुसऱ्या दोन फायलींतून मारली आहे. चूक शोधण्यासाठी तिने मध्येच पडद्यावर आकडे छापणाऱ्या दोन-चार ओळीही घातलेल्या असतात. संध्याकाळी काम पुरे होते, प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, टक्केवारी बरोबर येते.

आता नोंद करावयाची. सगळे एकदम नोंदविले तर पूर्णांकनाची दुरुस्ती, नामांतर आणि तात्पुरत्या ओळी यांची खिचडी होईल, आणि पुढे कोणी ती वाचली तर त्याला कशासाठी काय बदलले हे उमगणार नाही. म्हणून ती तुकडे निवडते. पूर्णांकनाचा तुकडा घेते. छापणाऱ्या ओळी सोडते. नामांतराचे तुकडे पुढील नोंदीसाठी राखून ठेवते. परंतु पूर्णांकन दुरुस्त केलेल्या ओळीतच नवे नाव आलेले आहे. ती ओळ नोंदीत गेली. त्या नावाची व्याख्या ज्या फाईलमध्ये आहे ती फाईल मागे राहिली. नोंद झाली आणि तिला सुयोग्य मथळाही मिळाला. विद्यार्थिनीच्या संगणकावर सारे पूर्ववत चालत आहे, कारण तिच्या कामाच्या प्रतीत सर्वच तुकडे आहेत. इतिहासात मात्र एक अशी संहिता शिरली आहे, जी अस्तित्वात नसलेल्या नावाला हाक मारते. ही संहिता कोणी कधी चालवून पाहिलेली नाही. फार काय, पूर्ण स्वरूपात कोणी डोळ्यांखालूनही घातलेली नाही.

निवडक नोंदीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे येथे न्याय्य रीतीने मांडले पाहिजे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, इतिहास हा लेखकाच्या दिनचर्येची रोजनिशी नव्हे; तो पुढच्या वाचकासाठी लिहिलेला ग्रंथ आहे. लेखकाच्या हातून बदल ज्या क्रमाने झाले तो क्रम यादृच्छिक असतो. वाचकाला हवा असतो तो अर्थाचा क्रम. लिनक्सच्या गाभ्याचे काम करणाऱ्या मंडळींमध्ये हा दंडक फार कडकपणे पाळला जातो. तेथे पाठविलेल्या प्रत्येक पॅचने एकच गोष्ट करावी अशी अपेक्षा असते. टीकाकारही हे मान्य करील, कारण जो बदल एका वाक्यात सांगता येतो तोच दुसऱ्याला तपासता येतो, आणि चुकला तर तेवढाच मागे घेता येतो.

पण याच लिनक्सच्या नियमांत दुसरी एक अट आहे, आणि निवडक नोंदीचे समर्थक तिचा उल्लेख क्वचितच करतात. मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर ग्रंथ बांधला गेला पाहिजे आणि चालला पाहिजे, अशी ती अट होय. तिचे कारण अगदी व्यावहारिक आहे. गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाची एक युक्ती आहे. अमुक दिवशी चालत होते, आज चालत नाही, तर बिघाड नेमका कोणत्या नोंदीत शिरला हे शोधण्यासाठी ती मधली नोंद काढून देते. ती बरी निघाली तर पुढील अर्धे, वाईट निघाली तर मागील अर्धे, अशा रीतीने हजार नोंदींतून सुमारे दहा चाचण्यांत दोषी नोंद हाती लागते. ही सारी युक्ती एका गृहीतावर उभी आहे: इतिहासातील प्रत्येक संहिता चालविता येण्याजोगी आहे. आपल्या विद्यार्थिनीची ती नोंद मध्ये आली की शोध अडतो. ती नोंद वगळून पुढे जाण्याची सोय गिटने ठेवली आहे खरी, पण शोधाच्या रस्त्यावर असे खड्डे वाढले तर उत्तराची निश्चिती कमी होत जाते. अर्थाचा क्रम साधण्यासाठी केलेली निवडच इतिहासाला निरुपयोगी करू शकते, असा हा पेच आहे.

या मधल्या जागेवर शास्त्रीय आक्षेपही घेतले गेले आहेत. एमआयटीमधील सांतियागो पेरेस दे रोस्सो आणि डॅनियल जॅक्सन यांनी २०१३ मध्ये गिटच्या संकल्पनांची चिकित्सा करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. गिटमधील संकल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत व त्यामुळे वापरणाऱ्याला प्रणालीची अवस्था उमजत नाही, असे त्यांचे निदान होते. आणि त्यांनी सुचविलेल्या ‘गिटलेस’ या पर्यायात इंडेक्सला स्थानच उरले नाही. तरीही फाईलचे तुकडे निवडून नोंदविण्याची सोय त्यांनी राखली. म्हणजे त्यांचा आक्षेप निवडीवर नसून निवड ठेवण्याच्या जागेवर होता. त्याहूनही पूर्वी, २००३ च्या सुमारास आलेल्या डेव्हिड राऊंडी यांच्या ‘डार्क्स’ या प्रणालीत नोंद करतानाच एकेक बदल पुढे करून विचारण्याची पद्धत होती. तेथेही मधली जागा नव्हती.

या मुद्द्यावर वरील टीकाकारांशी सहमत होणे कठीण आहे. निवड आणि नोंद एकाच क्रियेत उरकली, तर निवडीतून काय उभे राहिले हे पाहण्याची उसंतच मिळत नाही. गिटचा इंडेक्स ही एक वस्तू आहे. ती उघडून पाहता येते, मागील नोंदीशी ताडता येते, तिच्यातून एखादा तुकडा परत काढता येतो, आणि हे सर्व नोंद पक्की होण्यापूर्वी. मुद्रणालयात मजकूर छापण्यास जाण्यापूर्वी जे मुद्रित हाती येते, त्याची ही जागा आहे. मुद्रित वाचावे लागते हा त्याचा दोष मानता येत नाही. दोष असलाच तर तो दुसऱ्याच ठिकाणी आहे: हे मुद्रित वाचता येते, परंतु असेल तेथे चालविता येत नाही.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये आरंभिलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले ते काम १२५९ हस्तलिखितांच्या आधारावर उभे आहे. १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत विष्णु सीताराम सुखठणकर त्याचे प्रधान संपादक होते. सुखठणकरांचे केंब्रिजमधील शिक्षण गणिताचे होते, आणि बर्लिनला ते भाषाशास्त्राकडे वळले, हा तपशील त्यांची पद्धती पाहताना विसरता येत नाही. त्यांनी सिद्ध केलेली संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात सलग सापडत नाही. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांपासून केरळातील मल्याळम पोथ्यांपर्यंतच्या साक्षी ताडून, श्लोकाश्लोकाने आणि चरणाचरणाने निवड करून ती उभी केलेली आहे. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. मूळ पाठाच्या पुनर्रचनेचा नाद सोडून नीलकंठाचा प्रचलित पाठ जसाच्या तसा छापावा आणि पाठभेद तेवढे खाली द्यावेत, असे त्यांचे सुचविणे होते. कोणा तरी समाजाने, कोणत्या तरी काळात, प्रत्यक्ष वाचलेली संहिता तेवढीच खरी, हे या आक्षेपाचे मर्म होय.

गिटच्या संदर्भात लेव्हींचा पक्ष घेणाराही वर्ग आहे. त्याच्या मते कामाची प्रत हीच खरी संहिता, कारण तीच चालली आणि तपासली गेली. म्हणून नोंद तिचीच व्हावी, संपूर्ण व्हावी. या पक्षाचे बळ नाकारता येत नाही. परंतु सुखठणकरांनी लेव्हींना दिलेले उत्तरही तितकेच बळकट आहे. नीलकंठाचा पाठ हाच मुळी निवडीने बनलेला आहे. ज्याला प्रचलित म्हणून प्रमाण मानावे, तो कोपरगावच्या एका पंडिताने आपल्या अभिरुचीने काशीत जुळविलेला पाठ आहे. त्याच्या निवडीचे निकष त्याच्याबरोबर गेले. तेव्हा निवड टाळणे हा पर्यायच नाही; निवड उघड करावयाची की झाकून ठेवावयाची, एवढाच पर्याय उरतो. कामाची प्रतही अशीच आहे. तीत तात्पुरत्या ओळी आहेत, अर्धवट कल्पना आहेत, आणि लेखकाच्या संगणकावरच असलेल्या काही गोष्टींचा तिला आधार आहे. एखादी नवी फाईल गिटला अजून माहीतच नसते; तुकड्यातुकड्याने विचारतानाही अशी फाईल पुढे येत नाही, आणि ती मागे राहिल्याने संपूर्ण म्हणून केलेली नोंदही अपुरी ठरते. ‘सगळे नोंदविले’ या विधानात सगळे म्हणजे काय, हे आधीच कोणी तरी ठरविलेले असते.

सुखठणकरांच्या पद्धतीचे खरे महत्त्व निवडीत नाही. निवडीभोवती त्यांनी जी यंत्रणा उभी केली तिच्यात आहे. जे सोडले ते त्यांनी फेकले नाही. लहान प्रक्षेप तारकाचिन्हाने अंकित होऊन त्याच पृष्ठावर संहितेखाली आले. मोठे प्रसंग परिशिष्टात गेले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही सर्वांच्या परिचयाची कथा आदिपर्वाच्या संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे. महाभारताच्या लेखनाची कथाच महाभारताबाहेर ठेवण्याचे धैर्य या संपादकाने दाखविले, आणि तरीही शोधणाऱ्याला ती सापडेल अशी व्यवस्था केली. याहून मोलाची गोष्ट म्हणजे संहितेतील ज्या शब्दांविषयी संपादकाला खात्री नव्हती, त्यांच्याखाली त्याने नागमोडी रेघ ओढली. घेतलेल्या पाठाविषयीची शंका ही त्या पाठाइतकीच छापण्याजोगी वस्तू आहे, असा तिचा अर्थ.

एकनाथांच्या प्रतीशी तुलना केली म्हणजे या यंत्रणेचे मोल अधिक स्पष्ट होते. एकनाथांनी पाठशुद्धी केली, आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असे बजावलेही. परंतु सोडलेले पाठ त्यांनी कोठे नोंदवून ठेवले नाहीत. त्यांच्या काळी तशी रीतही नव्हती, तेव्हा यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा तिची भाषा खरोखर जुनी की जुनी भासणारी, हा वाद सोडविण्यासाठी एकनाथांच्या मेजावर काय होते ते कोणालाच पाहता आले नाही.

गिट या बाबतीत सुखठणकरांपेक्षा एकनाथांच्या जवळ आहे. ‘एन’ म्हणून सोडलेला तुकडा नाहीसा होत नाही हे खरे. तो कामाच्या प्रतीत तसाच राहतो. नाशिकच्या द्राक्षबागेत विरळणी करताना घडातून काढलेला मणी परत घडावर येत नाही, तशी ही निवड नाही. परंतु तो तुकडा राहतो तो केवळ लेखकाच्या संगणकावर, आणि त्याची कुणकुण नोंदीच्या वाचकाला कोठेच लागत नाही. नोंद निवडून केली की सर्वच्या सर्व घेऊन केली, हेही नोंदीवरून कळत नाही. घेतलेल्या तुकड्यांपैकी कोणाविषयी लेखक साशंक होता, हे सांगणारी नागमोडी रेघ तर गिटजवळ नाहीच. फार तर नोंदीच्या मजकुरात लेखक ते लिहू शकतो. पण लिहीत नाही, कारण नोंदीचा मजकूर ही काय केले ते सांगण्याची जागा आहे असे सर्वांना शिकविलेले असते. काय केले नाही आणि का, याला तेथे मज्जाव नसला तरी ते लिहिण्याची सवय नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘ई’ या अक्षराचा आहे. पाठचिकित्सेत दोन क्रिया कसोशीने वेगळ्या ठेवल्या जातात. उपलब्ध पाठांतून एक घेणे ही निवड. कोणत्याही पोथीत नसलेला पाठ तर्काने बसविणे ही कल्पित दुरुस्ती. सुखठणकरांनी दुसरीचा अवलंब अगदी मोजक्या ठिकाणी केला, आणि जेथे केला तेथे तसे चिन्ह ठेवले. गिटमध्ये ‘वाय’ आणि ‘एन’ या पहिल्या प्रकारच्या क्रिया आहेत, ‘ई’ दुसऱ्या प्रकारची. हाताने घडविलेला तुकडा कामाच्या प्रतीतही नसतो आणि मागील नोंदीतही नसतो. तो थेट इंडेक्समध्येच जन्म घेतो. वर दिलेल्या उदाहरणात विद्यार्थिनीला सुटका हवी असती तर ती याच मार्गाने मिळाली असती: पूर्णांकनाच्या ओळीत नवे नाव काढून जुने घालावयाचे, आणि नामांतर पुढच्या नोंदीत करावयाचे. अशी ओळ तिने कधी लिहिली नव्हती. तरीही नोंदीसाठी तीच योग्य ओळ होती. म्हणजे कल्पित दुरुस्ती येथे केवळ क्षम्य नव्हे, आवश्यक आहे. पण ती चालवून पाहिली गेली नाही तर सर्वांत धोक्याची नोंद हीच. आणि इतिहासात या दोन क्रियांच्या खुणा एकसारख्याच दिसतात. तुकडा निवडलेला की घडविलेला, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

उपाय नाहीत असे नाही. स्टेज केलेले तेवढे राखून बाकीचे बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याची आज्ञा आहे. तिला ‘स्टॅश’ म्हणतात. ती ‘कीप-इंडेक्स’ या पर्यायासह दिली की कामाची प्रत इंडेक्ससारखीच होते, ती चालवून पाहता येते, आणि मग बाजूला ठेवलेले परत आणता येते. मात्र तेच तुकडे परत येताना हाताने घडविलेल्या ओळींशी त्यांची टक्कर होण्याचा संभव असतो, म्हणून जाणकार लोक इंडेक्समधील संहिता वेगळ्या ठिकाणी उतरवून तेथे तिची चाचणी घेतात. ‘चेकआऊट-इंडेक्स’ ही आज्ञा त्यासाठीच आहे आणि तिने कामाच्या प्रतीला हात लागत नाही. दोन्ही मार्ग चांगले आहेत. दोन्ही मार्ग ऐच्छिक आहेत, ही अडचण आहे. निवड करताना गिट प्रत्येक तुकड्यापाशी थांबून विचारते. निवडीचे फलित चालविले काय, हे मात्र ती आपण होऊन विचारीत नाही. नोंदीपूर्वी एखादी तपासणी आपोआप व्हावी अशी तजवीज करता येते, परंतु ती साधेपणाने केली तर तपासणी कामाच्या प्रतीचीच होते, म्हणजे जी संहिता नोंदविली जात नाही तिची. आपली तपासणी कोणत्या संहितेवर चालते, हे पुष्कळांनी पाहिलेलेच नसते.

राहता राहिला एककाचा प्रश्न, आणि विभागातील ज्या विद्यार्थ्यांनी आपले प्रबंध अशा प्रणालीत लिहावयास आरंभ केला आहे त्यांना तो प्रत्यक्ष भेडसावणारा आहे. पुण्याच्या मंदिरात प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र तुलनापत्र असे. वर प्रचलित पाठ, एकेक अक्षर एकेका चौकटीत, आणि खाली प्रत्येक पोथीतील भेद त्या त्या अक्षराखाली. तेथील तुलनेचे एकक अक्षर होते. गिटचे एकक ओळ आहे. आज्ञावलीला ते मानवते, कारण आज्ञावलीत एक ओळ म्हणजे बहुधा एक विधान. गद्यात मात्र लेखक परिच्छेद संपेपर्यंत ओळ तोडीत नाही. सबंध परिच्छेद ही गिटच्या लेखी एकच ओळ ठरते. मग त्यात एक ऱ्हस्वदीर्घाची चूक सुधारली असो, एक संदर्भ बदललेला असो, किंवा सिद्धान्ताचे विधानच उलटे केलेले असो, तिन्ही बदल एकाच तुकड्यात येतात, आणि ‘एस’ म्हटले तरी तो फुटत नाही. शब्दाशब्दाचा फरक रंगवून दाखविण्याची सोय गिटमध्ये आहे, पण शब्दाशब्दाने निवडण्याची नाही. एवढ्यासाठी ‘ई’कडे धाव घ्यावी, तर देवनागरी मजकुराची ती लांबच लांब ओळ हाताने दुरुस्त करताना एखादी मात्रा निसटली तरी ध्यानात येत नाही, आणि आज्ञावली चुकली तर संगणक तक्रार करतो, प्रबंध चुकला तर परीक्षकापर्यंत कोणीच करीत नाही. म्हणून या पद्धतीने लिहिणाऱ्यांपैकी काहींनी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करण्याचा प्रघात पाडला आहे. छापताना त्या ओळी पुन्हा जुळून परिच्छेद होतात, आणि नोंद करताना एकेक वाक्य एकेका श्लोकासारखे वेगळे हाती येते.